पाठीला हात लावू नये

पिंपळटोक फाट्यावर, औंढ्याहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या अंगाला, पत्र्याची एक पाटी होती. पाटीवर पांढऱ्या रंगात दोन ओळी. वर ‘लेकरांचा वाडा’ आणि खाली ‘जनावरांच्या पाठीला हात लावू नये’. दोन रुपयांत मूठभर बाभळीच्या शेंगा मिळत. त्या कोकरांना चारायच्या, कान ओढायचे, गळ्यात हात टाकायचे, नाकाला नाक लावायचं. पाठीला तेवढा हात लावायचा नाही. नागनाथाच्या दर्शनाला आलेले नांदेड-परभणीकडचे लोक पाटी वाचून हसत आणि असं काहून म्हणून विचारत. वाड्याची मालकीण पंचफुलाबाई त्याचं उत्तर देत नसे. “लावायचा न्हाई म्हनलं ना,” एवढंच म्हणे, आणि ते अशा आवाजात की विचारणारा नकळत हात खिशात घाली.

तिला फार लवकर राग येतो, असं फाट्यावरचे लोक म्हणत. खरं म्हणजे राग तिला येत नसे. तो कायम तिच्यापाशीच असे, खांद्यावरच्या घोंगडीसारखा. नऊ वर्षांची असल्यापासून.

तिचं माहेर सेनगावकडचं. बाप मुंजाजी, शे-सव्वाशे मेंढरांचा धनी. मेंढरांच्या कळपात दरसाल दोन-चार कोकरं अशी निघतात की त्यांची आई मरते, नाहीतर त्यांना जवळ घेत नाही. अशी कोकरं घरच्या बाया पदराखाली आणतात, शेळीच्या दुधावर जगवतात. त्यांना हातावरची कोकरं म्हणतात. हातावरचं कोकरू माणसात वाढतं, माणसालाच आई समजतं. दारात बसतं, पाणी आणायला निघालेल्या बाईच्या मागे विहिरीपर्यंत जातं. आणि इथंच त्याचं वाईट होतं. मेंढरं एकामागे एक चालणारी. हातावरच्याला वाटेत माणूस दिसला की ते त्याच्याकडे वळतं, त्याच्यामागे चार वळतात, चारांमागे चाळीस, आणि बघता बघता सगळा कळप कुणाच्या तरी तुरीत उभा. मग भांडण, शिव्या, भरपाई. म्हणून बेपारी दारात आला की सगळ्यांत आधी हातावरचं जायचं. यात कुणाला काही चुकीचं वाटत नसे. ज्या बाईनं ते वाढवलं तिला काय वाटतं, हे विचारायची पद्धत नव्हती.

पंचफुलानं पहिलं वाढवलं त्याचं नाव ढवळं. ते सात महिन्यांचं झालं तेव्हा बेपारी आला. त्यानं कोकराच्या पाठीवर हात ठेवला, बरगड्या संपतात तिथं. अंगठा कण्याच्या या बाजूला, चार बोटं त्या बाजूला. एकदाच दाबलं. मांस किती भरेल ते या एका दाबण्यात कळतं. मेंढरांत वाढलेल्या प्रत्येकाला कळतं. ढवळ्याला मात्र वाटलं, आपले लाड चाललेत. ते त्या हाताला टेकलं आणि त्यानं डोळे मिटले.

मुंजाजी म्हणाला, “पोरी, पावन्याला पानी आन.”

तिनं आणलं. तांब्या दोन्ही हातांनी नीट धरून, न सांडता आणलं. ढवळं गेल्याचं दुःख वर्षभरात सरलं. पाणी आणल्याचा राग सरला नाही.

लग्न होऊन ती औंढ्याजवळच्या पिंपळटोकला आली. नवरा सटवाजी, त्याचीही मेंढरंच. माणूस वाईट नव्हता. हात उगारत नसे, पीत नसे, बोलतही फारसा नसे. पण कळपाचा कायदा इथंही तोच. पुढच्या अठरा-वीस वर्षांत तिनं हातावरची चौदा वाढवली आणि चौदाही गेली. पहिल्या दोन-तीनांना ती रडली. मग रडणं थांबलं आणि भांडण सुरू झालं.

“दूध पाजायला म्या, हागलेलं काढायला म्या, आन इकायला तुमी.”

“मंग काय गळ्यात बांधून हिंडू?” सटवाजी म्हणे. “मागल्या साली तुज्या त्या लाडकीनं कळप कुनाच्या वावरात नेला, इसरलीस व्हय? हात जोडून जोडून माझी कंबर गेली.”

तो खरं बोलत होता, आणि तिला राग नेमका त्याचाच यायचा. खोटं बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

अठ्ठ्याण्णव सालची शिवरात्र. औंढ्याला यात्रा भरलेली, रस्ता जीपांनी आणि एस.टी.नं भरून वाहत होता. पंचफुलाबाई फाट्यावर लोकरीचं गाठोडं घेऊन बसली होती. सोबत पाच महिन्यांची तीन हातावरची कोकरं, कारण ती घरी थांबत नव्हती. तेवढ्यात भरलेली एक एस.टी. फाट्यावर पंक्चर झाली. माणसं उतरली, लेकरं उतरली. बायामाणसं बाभळीच्या सावलीला बसली आणि लेकरं सरळ कोकरांवर तुटून पडली.

पंचफुलाबाई आधी उठलीच होती हाकलायला. पण उठता उठता तिची नजर हातांवर गेली. बारा-पंधरा लेकरं, पंचवीस-तीस हात. कुणाचा कानावर, कुणाचा नाकावर, एकीनं तर कोकराच्या तोंडात बोट घातलेलं, ते चोखतंय म्हणून किंचाळून हसत होती. कुणी शेपटी धरली होती. एकाही लेकराचा हात बरगड्यांच्या मागे, त्या जागी गेला नाही. ती खाली बसली. तासभर बसून राहिली. चाक बदलून झालं, कंडक्टरनं दहा वेळा घंटी मारली, तरी लेकरं गाडीत चढेनात. एका बापानं लेकराला उचलून नेताना पंचफुलाबाईच्या पुढं पाच रुपयांची नोट टाकली.

“कशाचे?” ती खेकसली.

“लेकरू खेळलं ना बाई तुमचं कोकरू घेऊन,” तो म्हणाला, आणि गाडी गेली.

त्याच गाडीतून गावातल्या अंगणवाडीच्या निर्मलाबाई उतरल्या होत्या. जाडजूड, सारख्या चष्मा पुसणाऱ्या, आणि पंचफुलाबाईच्या रागाला न भिणाऱ्या गावातल्या एकट्या. त्यांनी ती नोट उचलून तिच्या ओच्यात खोवली.

“औरंगाबादला बागेत वाघ बघितला मी,” त्या म्हणाल्या. “एवढी गर्दी. पण वाघाला हात लावता येतो का? लेकरं दोन मिनिटं बघतात आणि आइस्क्रीम मागतात. तुझ्याजवळ हात लावायची जनावरं आहेत, पंचफुलाबाई. मांड दुकान.”

“जनावरं दावायचं दुकान? लोक हासतील.”

“आत्ता कुठं रडताहेत तुझ्यासाठी?”

घरी हे सांगितल्यावर सटवाजी बराच वेळ तंबाखू मळत राहिला. तिघांचाही सौदा पुढच्या बाजाराला व्हायचा होता. शेवटी म्हणाला, “एक वर्स. म्होरच्या शिवरात्रीपातुर चाललं तर चालू दे. न्हाई चाललं तर समदी कळमनुरीच्या बाजारात. मंग कटकट करायची न्हाई.”

“आन चाललं तर?”

तो घोंगडी उचलून बाहेर पडला. पण तिनं तेवढ्यावरच उडी घेतली. एक वर्ष म्हणजे तिघांचा जीव एक वर्ष, हा तिचा हिशेब सरळ होता.

जागा मिळाली ती धाकट्या दिराची, भुजंगची. फाट्यालगतचं ते खडकाळ टेपाड कुणाच्याच कामाचं नव्हतं. भुजंग मेंढरं सोडून जीप चालवायचा, औंढा ते हिंगोली. गळ्यात रुमाल, खिशात कंगवा, चार पुढाऱ्यांशी ओळख. “घ्या वैनी, वापरा,” तो मोठ्या मनानं म्हणाला. “तुमी जत्रा भरवा, मी शिटा आनतो.”

पहिलं कुंपण तिनं बाभळीच्या काट्यांचं केलं, कारण तिला तेवढंच माहीत होतं. पहिल्याच दिवशी चार लेकरांचे हात फाटले आणि चार आयांनी तिला शिव्या दिल्या. मग सटवाजीनं न बोलता आपली जुनी वाघूर आणून दिली. रानात मेंढरं कोंडायला जाळं लावतात, ते. जाळ्यातून लेकरांचे हात आत जात आणि कोकरांची तोंडं बाहेर येत. तीन कोकरं, एक लंगडी दुभती शेळी, म्हातारं झालेलं ओझ्याचं तट्टू, आणि निर्मलाबाईंनी हिंगोलीहून आणलेले दोन पांढरे ससे. एवढ्यावर वाडा उघडला.

दुसऱ्या महिन्यात तिघांतलं एक मेलं. भाविक लोक ते. हातात नारळ आणि पेढे असायचेच. देवाला दिलं ते मुक्या जीवाला द्यावं, अशा पुण्यबुद्धीनं एका सोमवारी लोकांनी कोकराला इतकं चारलं की दुपारी त्याचं पोट फुगून ढोल झालं. तिनं तेल पाजलं, पोट चोळलं, उपयोग झाला नाही. ते पडलं तेव्हाही जाळीबाहेर एक गृहस्थ पेढ्याचा पुडा घेऊन उभे होते.

“आम्ही पैसे दिलेत बाई,” ते म्हणाले. “लेकराला एक पेढा तरी चारू द्या.”

तिनं त्यांचे दोन रुपये त्यांच्या पेढ्याच्या पुड्यात कोंबले आणि सगळ्यांना रस्त्यावर हाकललं. चार दिवस वाडा बंद ठेवला. पाचव्या दिवसापासून आत जाणाऱ्याचे हात आधी तपासले जाऊ लागले. शेंगा तिच्याच, मूठ तिचीच.

वर्ष सरलं. पुढची शिवरात्र आली तेव्हा शेंगांचा खर्च भागून ती घरात मीठ-मिरची आणत होती. त्या दिवशी ती सकाळपासून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तो मेंढरं घेऊन रानात गेला. दुपारी रानातून आला, घोंगडीत गुंडाळलेलं दोन दिवसांचं कोकरू काढलं, तिच्या पदरात टाकलं आणि परत गेला. महादेवाचा दिवस होता म्हणून तिनं त्याचं नाव सोम्या ठेवलं.

त्याच साली हिंगोली जिल्हा झाला. रस्त्यावर गाड्या वाढल्या, साहेबलोक वाढले. आणि वाड्यात लेकरांबरोबर बाप्येही वाकू लागले. तिला आधी कळलंच नाही की लेकरांचे हात आणि बापांचे हात यांत किती फरक आहे. बाप लेकराला कडेवर घेऊन वाके, कोकराच्या डोक्यावरून हात फिरवे, मानेवरून, आणि मग हात आपोआप खाली घसरत त्या जागी जाऊन थांबे. अंगठा इकडे, चार बोटं तिकडे.

“बाई, देता का हे? किती पडंल?”

“लेकरू खेळवायला आणलंय का दात घासून आलाय?” ती ओरडे. “उठा. भाईर व्हा.”

रोज एक तरी भांडण. शेवटी निर्मलाबाईंनी पाटी रंगवून आणली. “आता तरी जरा दमानं घे,” त्या म्हणाल्या. “गिऱ्हाइकाला एवढं बोललं तर धंदा बसेल.”

“बसू द्या. ह्यांच्या बोटात कसाई बसलाय त्याचं काय?”

“सगळ्यांच्या नाही गं.”

“म्या चौदा बघितलेत, निर्मलाबाई. मला शिकवू नगा.”

सोम्या वाढला. लहानपणीच खच्ची केलेला, त्यामुळे ढुशी मारायचा नाही. अंगानं मात्र असा भरला की फाट्यावरचे जीपवाले त्याला सभापती म्हणू लागले. लेकरं त्याच्या अंगावर पडून झोपायची. शिवणगावच्या एका मुक्या पोरीनं पहिला शब्द त्याला हाक मारताना उच्चारला, असं तिची आई सांगायची. ते खरं असो नसो, ती बाई दर श्रावणात पोरीला घेऊन यायची.

दोन हजार तीनचा श्रावण. पहिल्या सोमवारी भुजंगच्या जीपमधून तालुक्यातला एक पुढारी घरच्या माणसांसह आला. त्याची नात सोम्याच्या गळ्याला लोंबकळली. पुढारी कौतुकानं वाकला. त्याचा हात कुठं गेला ते पंचफुलाबाईनं बघितलं. तिनं तोंड उघडायच्या आत त्यानं हात काढला आणि भुजंगकडे बघून नुसती मान हलवली. भुजंगनंही हलवली. 

पुढच्या सोमवारी सकाळी ती शेंगांचं पोतं घेऊन वाड्यावर आली तर सोम्याच्या पाठीवर तळहाताएवढा गेरूचा तांबडा पट्टा.

मेंढरांच्या बाजारात सौदा झाला की जनावराच्या पाठीवर अशी खूण करतात. खूण झाली की जनावर गेलं. मग दुसऱ्यानं दुप्पट भाव दिला तरी ते हलत नाही, आणि खूण पुसणाऱ्या धनगराच्या दारात पुन्हा बेपारी येत नाही. मुंजाजीची लेक होती ती. रांजण दोन हातांवर भरलेला होता, चार तांबे ओतले असते तर गेरू वाहून गेला असता. ते तिच्या मनातही आलं नाही. ती नुसती त्या तांबड्या पट्ट्याकडे बघत उभी राहिली, मग तशीच रस्त्याकडे निघाली.

भुजंग चहाच्या हॉटेलापुढं जीपच्या टपावर हात ठेवून उभा होता. तिथं आणखी तीन जीपवाले होते, दर्शनाला निघालेले लोक होते. सटवाजीही होता, त्याला भुजंगनंच बोलावून घेतलं होतं.

“खून कुनी केली?” तिनं विचारलं.

“म्याच केली, वैनी,” भुजंग नरमाईनं म्हणाला. “श्रावन सरला की सायबाच्या घरी कार्यक्रम हाय. शब्द टाकला त्यांनी. माझ्या परमिटाचं काम अडकून राह्यलंय, तुमाला म्हाईत हाय. एका मेंढ्यानं काय व्हतंय? दुसरे दोन आनून देतो.”

“मला इचारलंस?”

“दादाच्या कळपातलं हाय. दादाला सांगणारच व्हतो.”

तिनं सटवाजीकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

ती वळली आणि वाड्यात गेली. भुजंगला वाटलं, झालं, गेली रडायला. हॉटेलवाला म्हणाला सुद्धा, “चला, मिटलं.” ती आली ती हातात गेरूची वाटी घेऊन, भुजंगनं ती सकाळी जाळीपाशीच टाकली होती. कुणाला कळायच्या आत तिनं चार बोटं बुडवली आणि जीपच्या पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडा पट्टा ओढला.

“ही गेली,” ती म्हणाली. “जीप इकली म्या. खून झाली.”

“वैनी, डोकं फिरलं का तुमचं? रंग हाय तो.”

“गेरू हाय. खून हाय. बिस्तरवारच्या बाजारात कुनी बी येऊन घेऊन जाईल. तोवर चालवायची न्हाई.”

जीपवाले हसायला लागले. एक म्हणाला, “भुजंगराव, सौदा पक्का झाला की हो. कितीला गेली?”

“अरे, गाडी माझी हाय,” भुजंगचा आवाज चढला. “मालकाला न इचारता कुनी पट्टा मारला म्हंजे काय सौदा व्हतो? अशी खून कोन मानतं?”

बोलून गेल्यावर तो थांबला. हॉटेलवाल्यानं चहा ओतता ओतता वर बघितलं.  भुजंगनं रुमालानं तोंड पुसलं आणि मोठ्या भावाकडे वळला. “दादा, तूच सांग आता. मेंढरू तुझं. तू मालक. तू व्हय म्हन, इषय संपला.”

सटवाजीनं तोंडातली तंबाखू थुंकली. असल्या गर्दीत बोलायची त्याला सवय नव्हती. रानातल्यासारखा जरा मोठ्यानंच बोलला.

“ते माझं न्हाई. मेलेल्या मेंढीपासून उचलून म्या हिच्या पदरात टाकलं, त्या दिशीच ते माझं राह्यलं न्हाई. जिनं दूध पाजलं तिचं हाय. माझंच न्हाई तर तू कसा इकतो?”

भुजंगची मान खाली गेली. लोकांना वाटलं, आता बाईचं समाधान झालं. पण पंचफुलाबाई नवऱ्याकडे अशी बघत होती की शेजारी उभा असलेला जीपवाला दोन पावलं सरकला.

“मंग आदीची चौदा कुनाची व्हती?” ती म्हणाली.

सटवाजी पुन्हा जमिनीकडे बघू लागला.

“इचारून राहिले मी. चौदा कुनाची व्हती?”

ती गेरूची वाटी तिथंच रस्त्यावर आपटून वाड्यात निघून गेली.

दुपारी सटवाजी कातर घेऊन आला. श्रावणात कुणी मेंढरं कातरत नाही. त्यानं सोम्याला मांडीखाली घेतलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत सगळी लोकर उतरवली. खूण पाण्यानं पुसायची नसते. लोकर उतरली तर ती लोकरीबरोबर जाते. कातरलेला सोम्या इतका विचित्र दिसत होता की लेकरं पोट धरून हसली. पंचफुलाबाई हसली नाही. नवऱ्यानं लोकरीचा तो तांबडा गोळा तिच्यापुढं ठेवला, तिनं तो चुलीत घातला. भुजंगच्या बॉनेटवरचा पट्टा रॉकेलनं पुसला गेला, पत्र्याच्या एका पोच्यात तेवढा डाग राहिला. तो दोन वर्षं वाड्यासमोर थांबला नाही. सटवाजीनं त्यानंतर हातावरचं एकही विकलं नाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं कधी दिलं नाही आणि तिनंही त्याला कधी माफ केलं नाही. दोघं एकाच चुलीपुढं जेवत आणि ती त्याला आधी वाढे, हेही तितकंच खरं.

सोम्या नऊ वर्षांचा झाला. मेंढ्याचं एवढं आयुष्य कुणी बघितलेलं नव्हतं, कारण तिथवर कुणी त्याला ठेवतच नाही. दात पडले. शेंगा चावेनात, म्हणून ती वाटून देई. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात तो खाईना झाला. एका दुपारी, वाड्यात गर्दी नसताना, खाल्लेलं अंगी लागतं की नाही हे बघायला म्हणून तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. दहा वर्षांत पहिल्यांदा. बरगड्या संपतात तिथं. अंगठा या बाजूला, चार बोटं त्या बाजूला. बोटं आपोआप दाबली गेली, आणि किती किलो उरलाय तो आकडा तिच्या डोक्यात लख्ख उमटला. एवढी वर्षं ज्यांना हाकललं त्या सगळ्यांइतकंच चोख वजन तिच्याही हाताला कळत होतं.

 ती हात ओढून घेणार, तेवढ्यात सोम्या त्या हाताला टेकला आणि त्यानं डोळे मिटले. सगळं अंग टाकलं त्यानं. हात काढला असता तर तो पडला असता.

जाळीबाहेर एक चुणचुणीत पोरगी केव्हाची उभी होती. तिनं पाटीवरची अक्षरं बोटानं जुळवत वाचली आणि आत बघितलं.

“आजी, लावायचा न्हाई म्हनून लिहिलंय. मंग तुमी काहून लावला?”

“गप,” पंचफुलाबाई म्हणाली. हात तिनं तिथंच ठेवला होता. “शेंगा घे त्या पोत्यातून, आन त्या दुसऱ्यांना चार. पैसे नको देऊ.”